पाण्याची रेघ

न्यू ऑर्लिन्समध्ये आम्ही पोचलो ते रात्री, आणि रात्री ते शहर शाबूत दिसलं. फ्रेंच क्वार्टरच्या लोखंडी नक्षीच्या सज्जांवर दिवे होते, कोपऱ्यावर कुणीतरी ट्रम्पेट वाजवत होतं, नदीकाठच्या कॅफेत पिठीसाखरेनं पांढरे झालेले बेन्ये आणि चिकोरी घातलेली कॉफी मिळत होती. २००७ चा मार्च होता. कतरिना चक्रीवादळ येऊन गेल्याला दीड वर्ष झालं होतं. आम्ही मध्यपश्चिमेतल्या एका विद्यापीठाचे विद्यार्थी, वसंतातल्या सुट्टीत घरं साफ करायला व्हॅन भरून आलेले. "इथं तर काहीच झालेलं दिसत नाही," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. गाडी चालवणारे चर्चचे पाळक म्हणाले, "उद्या सकाळी उत्तरेला जाऊ, मग बोला."

नदी म्हणजे सखल भाग आणि नदीपासून लांब म्हणजे सुरक्षित, हे पुण्यात वाढलेल्या माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये ते उलटं आहे. मिसिसिपीनं हजारो वर्षं गाळ टाकून स्वतःचा काठ उंच केला. जुनं शहर त्या काठावर वसलं, म्हणून वाचलं. तिथून उत्तरेला पाँचरट्रेन सरोवराकडे जावं तशी जमीन उतरत जाते. ती पूर्वी दलदल होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्डविन वुड नावाच्या इंजिनिअरनं मोठे पंप बनवले, दलदल उपसली गेली आणि तिथं वस्त्या उठल्या. पाणी काढलं तशी जमीन आणखी खचली. आज निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे.

सकाळी व्हॅन उत्तरेला निघाली. पहिली रेघ मला एका दुकानाच्या पायरीवर दिसली, पिवळट तपकिरी, बोटभर रुंद. पुढच्या चौकात ती खिडकीच्या खालच्या कडेला लागली. मग दाराच्या कडीपर्यंत आली, मग माझ्या डोक्याच्या वर गेली. मी घर बदलेल तशी रेघ चढतेय असं समजत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की रेघ जागची हलत नाहीये, रस्ता खाली उतरतोय. कतरिनामध्ये सरोवराला मिळणाऱ्या कालव्यांच्या भिंती फुटल्यावर सरोवराचं पाणी आत येत राहिलं ते शहरातलं पाणी आणि सरोवर एका पातळीला येईपर्यंत. मग ते कित्येक दिवस तसंच उभं राहिलं. ८० टक्के शहर पाण्याखाली होतं आणि शेवटचं पाणी उपसून होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. इतके दिवस पाणी जागेवर उभं राहिलं की ते भिंतीवर नेमकी सही करून जातं. मैलोन् मैल पसरलेली ती रेघ एका पातळीत होती, इंजिनिअरनं दुर्बीण लावून आखावी तशी.

आमच्यात सांगलीचा एक मित्र होता. रेघ पाहिल्या पाहिल्या तो म्हणाला, "आयर्विनला किती असेल गं हे?" सांगलीकराला पूर कळतो तो आयर्विन पुलाच्या फुटांमध्ये: ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली तेव्हा त्याच्या घरच्यांनी धान्याची पोती माळ्यावर चढवली होती. त्याच पावसाळ्यातली २६ जुलै ही तारीख मुंबईची, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आणि महिन्याभरानं, २९ ऑगस्टला, कतरिना. त्या वर्षी आम्ही दोघंही अमेरिकेत नुकते आलेलो. फोन लागत नव्हते ते आधी घरचे. मग टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसं दिसली ती इथली. तो म्हणायचा, आपण इथं आलोय ते त्या पावसाळ्याचं उरलेलं काम करायला. मला ते पटायचं.

पण माझी रेघ २००५ ची नव्हती. माझी १२ जुलै १९६१ ची. नारायण पेठेत आमचा वाडा होता, नदीपासून फार लांब नाही. माजघराच्या भिंतीवर, वरच्या मजल्याच्या तुळयांच्या जरा खाली, तेलरंगानं ओढलेली एक काळी रेघ होती आणि तिच्याखाली आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'पानशेत', आणि तारीख. दर दिवाळीला वाड्याला रंग लागायचा तेव्हा रंगारी तेवढा पट्टा सोडायचा. मी लहानपणी त्या रेघेखाली उभी राहून वर बघायचे आणि आजीला विचारायचे की मी कुठवर बुडाले असते. ती म्हणायची, "तू आणि तुझ्यावर आणखी एक तू."

आजी पुराची गोष्ट सांगताना पावसाचं नाव फारसं घ्यायची नाही. सकाळी कुणीतरी ओरडत गेलं की धरण फुटलं. आधी पानशेत, मग दुपारी खडकवासला. तिनं दोन्ही पोरं, देवाचा टाक आणि आदल्या दिवशीचं दळण घेतलं आणि पर्वतीच्या बाजूला निघाली. दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा माजघरात गुडघाभर चिखल होता. पुढे कितीतरी पूरग्रस्त घरं अर्धगोल छपरांच्या निसन हटमध्ये गेली. तात्पुरती म्हणून गेलेली माणसं वर्षानुवर्षं तिथंच राहिली. आजोबांना 'महापूर' हा शब्द चालत नसे. ते म्हणायचे, धरणाचं काम पुरं व्हायच्या आत त्यात पाणी भरलं, हे नदीनं केलं नाही. म्हणून भिंतीवर त्यांनी 'पानशेत' लिहिलं.

न्यू ऑर्लिन्सच्या जेंटिली वस्तीत आम्हाला मिळालेलं घर विटांचं, बैठं, १९५० च्या आसपासचं. जुनी घरं विटांच्या खांबांवर चढवलेली असतात. पंपांवर भरवसा बसल्यावरची घरं थेट जमिनीवर बांधलेली, आणि तीच जास्त बुडाली. दारावर नारिंगी रंगाच्या स्प्रेनं भली मोठी फुली मारलेली होती. वरच्या कोनात तारीख, डावीकडे शोधपथकाचं नाव, उजवीकडे धोक्याच्या खुणा, खालच्या कोनात आत सापडलेली माणसं. आमच्या दारावर खाली शून्य होतं. शेजारच्या घराच्या फुलीत शून्य नव्हतं. आमच्यातले सगळे तिथं जरा वेळ थांबले आणि मग प्रत्येक जण ओझं उचलायला जरा जास्तच घाई करू लागला.

या कामाला तिथं 'गटिंग' म्हणतात. घराच्या आतलं सगळं काढायचं, लाकडी सांगाडा उरेपर्यंत. पांढरे टायवेकचे अंगरखे, तोंडाला श्वसनाचा मास्क, हातात पहार. फ्रीज उघडायचा नाही, हा पहिला नियम: त्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळून तो तसाच रस्त्याच्या कडेला न्यायचा. शीटरॉकच्या, म्हणजे जिप्समच्या फळ्यांच्या, भिंती भिजून वाळून भिजलेल्या, खाऱ्या बिस्किटासारख्या हातात चुरा व्हायच्या. त्यांच्यावर काळी बुरशी गोल गोल पसरलेली, छतापर्यंत. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात चिनी मातीच्या बश्यांची चळत होती आणि दोन बश्यांच्या मधे दीड वर्षापूर्वीच्या गाळाचा सुकलेला, भेगाळलेला पापुद्रा. बशी उचलली की तो अख्खा निघायचा, बशीचा गोल आकार घेऊन. त्या बश्या मी एकेक धुतल्या. आमच्या म्होरक्यानं सांगितलं होतं की वेळ मोडू नका, भांडी टाकून द्या. पण घराच्या मालकीणबाई अंगणातल्या ट्रेलरच्या पायरीवर बसून बघत होत्या, आणि त्यांनी हात पुढे केला होता.

सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. वादळाच्या आदल्या दिवशी त्या भाच्याच्या गाडीतून ह्यूस्टनला गेल्या, तीन दिवसांचे कपडे घेऊन. वर्षानं परत आल्या त्या सरकारनं दिलेल्या पांढऱ्या ट्रेलरमध्ये राहायला, स्वतःच्या घरासमोर. आम्हा सगळ्यांना त्या 'बेबी' म्हणायच्या, सहा फुटी सांगलीकरालासुद्धा. सोमवारी त्यांनी ट्रेलरच्या इवल्याशा शेगडीवर लाल राजमा शिजवला. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी घरोघर राजमा-भात असतो, कारण सोमवार हा धुण्याचा वार. कपडे धुऊन होईपर्यंत भांडं मंद आचेवर आपलं आपण शिजतं. मी त्यांना आजीच्या सोमवारच्या उपासाबद्दल सांगितलं आणि मग पानशेतबद्दल. गोष्ट संपल्यावर त्यांनी दुःख व्यक्त केलं नाही. त्यांनी विचारलं, "ते धरण कुणी बांधलं होतं?"

सरकारनं, मी म्हटलं.

"आमचीही भिंत त्यांनीच बांधली," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरापासून लंडन अ‍ॅव्हेन्यू कालवा चालत जाण्याच्या अंतरावर होता. तो दोन ठिकाणी फुटला. पुढच्या काळात अभ्यासांतून जे बाहेर आलं ते त्या भागातल्या लोकांना आधीपासून ठाऊक होतं: लंडन अ‍ॅव्हेन्यू आणि १७व्या रस्त्याच्या कालव्यांवरच्या भिंतींच्या माथ्यापर्यंत पाणी चढलंच नव्हतं. एकीच्या खाली वाळू होती, तिच्यातून पाणी झिरपलं. दुसरीच्या खाली मऊ चिकणमाती, ती सरकली. भिंती सरकारच्याच, लष्कराच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनं उभारलेल्या. २००६ साली कोअरनं रचनेतली चूक मान्य केली. वादळ शहरावरून सरकून गेलं तेव्हा कितीतरी लोकांनी निःश्वास टाकला होता. पाणी आलं ते भिंतींतून.

२००६ च्याच जानेवारीत पुनर्बांधणीच्या समितीचा एक नकाशा वर्तमानपत्रात छापून आला होता. सखल वस्त्यांवर हिरवे ठिपके होते, म्हणजे तिथं पुढे बागा आणि पाणी जिरवायच्या मोकळ्या जागा. माणसांनी आपल्या गल्लीवर ठिपका पाहिला तो सकाळच्या पेपरात. बाईंनी ते पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं. पुढे राज्याची 'रोड होम' योजना आली. तिचं अनुदान दुरुस्तीचा खर्च आणि घराची पुरापूर्वीची किंमत यांतल्या कमी आकड्यावर ठरायचं. काळ्यांच्या वस्त्यांतल्या घरांना बाजारात भाव आधीच कमी, त्यामुळे तेवढंच लाकूड, तेवढेच खिळे लागणाऱ्या घराला पैसे कमी. मला तो नियम तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. पाण्यानं सगळ्यांच्या भिंतींवर एका पातळीत रेघ ओढली होती. कागदावर मात्र ती वरखाली झाली.

म्हणून बाईंनी जे केलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं. भिंती निघाल्यावर सांगाड्याच्या उभ्या लाकडांवर रेघ फिकी दिसत होती. फडताळातलं एक लाकूड त्यांनी निवडलं, आमच्याकडून मार्कर मागून घेतला, शिडीवर चढायला मला सांगितलं आणि खालून मजकूर सांगितला: लंडन अ‍ॅव्हेन्यू कॅनॉल, २९ ऑगस्ट २००५. मी विचारलं, कतरिना लिहायचं नाही? "तिला मी दोष देत नाही, बेबी," त्या म्हणाल्या. नवीन शीटरॉक लागेल तेव्हा एवढं लाकूड उघडं ठेवायचं, असं त्यांनी सुताराला बजावलं होतं.

सांगलीचा मित्र पुढे सांगलीलाच परत गेला. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यानं मला घराच्या भिंतीचा फोटो पाठवला, दोन रेघांचा, २००५ आणि २०१९, मधे चार बोटांहून कितीतरी जास्त अंतर. आमचा वाडा मात्र पुनर्विकासात गेला. बिल्डरनं पार्किंगसाठी वापरलेल्या खालच्या मजल्याला गुळगुळीत फरशी लावली. आजोबांची भिंत ढिगाऱ्यात गेली. माझ्याकडे तिचा एक कृष्णधवल फोटो आहे, त्यात अक्षर वाचता येतं. महाराष्ट्रात नदीकाठच्या नकाशांवर दोन पूररेषा असतात: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधायला सहसा बंदी आहे. फ्लॅट घेताना या रेषा बघायला मागणारी माणसं फार थोडी, कारण त्या कार्यालयातल्या कागदावर असतात आणि नळकोंडाळ्यावरच्या भिंतीवर नसतात.

२५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. खडकवासल्यातून विसर्ग वाढलेला होता. लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. आमची सोसायटी तिथून जवळच. आमच्या पार्किंगमध्ये पाणी गाड्यांच्या बोनेटपर्यंत आलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरल्यावर खांबांवर तीच पिवळट तपकिरी रेघ होती. वॉचमन बादली-ब्रश घेऊन ती घासायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि चेअरमनसाहेबांना फोन केला. प्रत्येक खांबावर ती रेघ तेलरंगानं पक्की करायची, असा ठराव मी मांडलाय. विरोध झाला. फ्लॅटचे भाव पडतील, भाडेकरू येणार नाहीत, असं काहींचं म्हणणं, आणि ज्यांनी आयुष्याची कमाई त्या घरात घातली आहे त्यांची ती भीती मला खरी वाटते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पानशेतच्या वेळी सात वर्षांच्या होत्या. त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जण.

मजकूर मी लिहून दिलाय, तीन ओळींचा. पहिल्या ओळीत तारीख, दुसऱ्या ओळीत जमिनीपासूनची उंची, तिसऱ्या ओळीत त्या पहाटे धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं जात होतं तो आकडा. माहिती अधिकारात तो मागवण्याचा अर्ज दिला आहे. पहिल्या दोन ओळी आता बहुतेकांना मान्य आहेत. वाद आहे तो तिसरीवर, आणि ती ओळ मी काढणार नाही.