संगणकाची घरघर

मुलांच्या अभ्यासासाठी तुमच्या घरी संगणक आला असेल, तर त्याची घरघरही आली असेल. पंखा बदलला की आवाज जाईल, असे पुष्कळजण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. संगणक जेवढी वीज ओढतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तो काही पाणी उपसत नाही की दळण दळत नाही. उष्णता वाढली की पंखा जोरात फिरतो. तेव्हा इलाज विजेपासून सुरू करावा.

माझी पुतणी घरी राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. संगणक जुना, विकत घेतलेलाही दुसऱ्याकडून. रात्री लाईट गेली की इन्व्हर्टरची बॅटरी मध्येच बसे आणि आवाजाने शेजारच्या खोलीत माझ्या म्हाताऱ्या आईचा डोळा लागत नसे. वहिनींनी तो विकायचे ठरवलेच होते. मी म्हटले, आधी मोजू.

हल्लीच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. किती लुकलुकी म्हणजे एक युनिट, हे मीटरवरच छापलेले असते. भावाच्या मीटरवर ३२०० होते. फ्रीजसकट बाकी सगळे बंद ठेवून संगणक लावला. १० मिनिटांत ८० वेळा दिवा लागला, म्हणजे तासाला ४८०. हिशेब झाला १५० वॉट.

पडदा जुन्या काचेच्या नळीचा होता. त्याच्या जागी एलईडी पडदा घेतला. खर्च झाला तो एवढाच. आत खेळांसाठी बसवलेले वेगळे ग्राफिक्स कार्ड होते. मूळ संगणकातच चित्र दाखवण्याची सोय असल्याने ते काढले. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर कार्ड काढू नका, पडदा कोराच राहील. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही. उठताना ‘स्लीप’ करावे.

मग वायर काढून डबा अंगणात नेला. पंख्याच्या पात्यांमध्ये धुळीचा नुसता नमदा! पाते बोटाने धरून मऊ ब्रशने झाडले. वीजपुरवठ्याची आतली पेटी मात्र कोणी उघडू नये; वायर काढल्यावरही तिच्यात विजेचा भार राहतो.

आता पंखा. उफणणीच्या पंख्याचाच नियम इथे आहे. वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते आणि आवाजही पुष्कळ उतरतो. म्हणून डब्यात जागा असेल तर ८० मिलिमीटरचा पळता पंखा काढून १२० मिलिमीटरचा सावकाश फिरणारा बसवावा. आमच्याकडे जागा नव्हती. पण उष्णताच घटल्याने जुना पंखा आपोआप मंदावला.

पुन्हा मोजले तेव्हा १० मिनिटांत ४० लुकलुकी झाल्या. म्हणजे ७५ वॉट. रोज सहा तासांच्या अभ्यासाला महिन्याकाठी साडेतेरा युनिटे वाचली आणि इन्व्हर्टरवरचा संगणकाचा भार निम्मा झाला. विक्रीची गोष्ट वहिनींनी पुन्हा काढली नाही. पहिल्या रात्री आईने मात्र, पोरगी अभ्यास सोडून झोपली की काय, म्हणून दोनदा हाक मारली.