कुत्ता गोळी

आमच्या मालेगावात तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत अल्प्राझोलाम. खालाच्या मुलाला रात्रपाळीत लूमवर ती लागली. घरात कळल्यावर आम्ही काय केलं? तौबा करवली, तावीज बांधला आणि खोलीला बाहेरून कडी घातली. कडी घालणारा मीच. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. डॉक्टर रागावले: ही गोळी एकदम तोडायची नसते, देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते.

नशा हराम आहे, हे त्याला आमच्याइतकंच माहीत होतं. रात्री त्यासाठीच रडायचा. पण आजाराला इलाज लागतो, आणि इलाज करणं ही सुन्नतच आहे.

खालाला धास्ती पोलिसांची. तिला सांगितलं, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४अ आहे. थोडाच माल सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. मग त्याला पुण्याला मुक्तांगणमध्ये भरती केलं.

मोहल्ल्यात सांगितलं, पोरगा कामाला गेलाय. जुम्याला इमामसाहेबांनी विचारलं तेव्हा मात्र माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही. नमाजनंतर तिघांनी मला बाजूला घेऊन हळूच पत्ता विचारला.