झीरो बिलाचा पत्ता

क्रेडिट कार्डाच्या अर्जात एक रकाना असतो: सध्याच्या पत्त्यावर किती वर्षं राहता? त्याला लागून दुसरा: घर स्वतःचं, भाड्याचं, कंपनीचं की आईवडिलांचं? हे दोन रकाने भरले की पुढे काय होणार ते मला आता अर्ज पाठवण्याआधीच कळतं. परवा पुन्हा एका बँकेचा निरोप आला की 'अंतर्गत निकषांनुसार' अर्ज स्वीकारता येत नाही. पगार नियमित, सिबिलचा आकडा चांगला, कुठलं देणं नाही. अडलं कुठे, ते फोनवरच्या मुलीने बोलता बोलता सांगून टाकलं. आधारवर सांगली आणि राहणं मोहालीत. "मॅडम, आपका परमनंट अलग है, करंट अलग है," हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू मी पहिलं लग्न लपवून ठेवलंय.

मला तर हा सगळा प्रकार स्थळ बघण्यासारखाच वाटत आलाय. घर स्वतःचं का? नोकरी कायम का? हातात किती पडतात? मग एके दिवशी 'सहज इकडून चाललो होतो' अशा चेहऱ्याने एक माणूस उगवतो, फाटकावरच्या पाटीचा फोटो काढतो, शेजाऱ्यांना चार प्रश्न विचारतो. माझ्या मावशीच्या लग्नाच्या वेळी मुलाकडचे एक गृहस्थ असेच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चौकशी करून गेले होते. दुकानदाराने 'उधारी महिन्याच्या महिन्याला फेडतात' असं सांगितलं आणि लग्न जमलं, अशी आमच्या घरातली आख्यायिका आहे. त्या दुकानदाराला आता सिबिल म्हणतात आणि तो आपल्याला तीनशे ते नऊशेपर्यंत गुण देतो. फरक एवढाच की नकार द्यायचा झाला तर पूर्वी पत्रिका जुळत नाही असं तरी कळवायचे. वास्तविक रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022मध्ये काढलेल्या क्रेडिट कार्डांच्या निर्देशांत स्पष्ट म्हटलंय की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. 'अंतर्गत निकष' हे जर नेमकं कारण असेल, तर पत्रिका त्याहून नेमकी होती.

फाटकावरच्या पाटीचं सांगायचं राहिलं. पाटी घरमालकांची आहे आणि घरमालक कॅनडात, ब्रॅम्प्टनला, धाकट्या मुलाकडे. फेज थ्री-बी-टूमधल्या आमच्या गल्लीत हे काही विशेष नाही. कोठी तीन मजली, खाली घरमालकीण आंटीजी एकट्या, मधल्या मजल्यावर कुलूप, वर माझ्यासारखा कुणीतरी भाडेकरू. मार्केटात 'आयलेट्स' आणि 'स्टडी व्हिसा'च्या पाट्यांआड दुकानं शोधावी लागतात. म्हणजे ज्यांच्या नावाचे कागद आहेत ते ब्रॅम्प्टनला, आणि जे खरोखर इथे राहतात, इथलं पाणी पितात, जूनमध्ये इथे भाजतात, त्यांच्या नावाचा कागद नाही.

विजेचं बिल हा पत्त्याचा हुकमी पुरावा. आंटीजींकडे मागितलं तर त्यांनी हसतच काढून दिलं, "बिल तां झीरो आंदा है, पुत्तर." पंजाबात जुलै 2022पासून घरगुती वापराची महिन्याला तीनशे युनिटं माफ आहेत. बिल दोन महिन्यांचं येतं, म्हणून सहाशेच्या आत राहिलं की देय रक्कम शून्य. उन्हाळ्यात एसीपायी सहाशे ओलांडली की मात्र सगळं बिल भरा, म्हणून आंटीजी मे महिन्यापासून माझ्या खिडकीतल्या एसीवर लक्ष ठेवून असतात. तर असं ते शून्य रुपयांचं, ब्रॅम्प्टनवासी गृहस्थाच्या नावाचं बिल. बँकेपुढे त्याची किंमतही तेवढीच.

आता नियम काय आहे ते एकदा नीट सांगते, कारण माझ्यासारखे इथे बरेच आहेत आणि जो तो एजंटच्या सांगण्यावर चालतो. रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे मूळ निर्देश फेब्रुवारी 2016चे, त्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. अधिकृत कागद मोजकेच: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. यांवरचा पत्ता जुना असेल तर तात्पुरती सोय म्हणून काही कागद चालतात. वीज, पाणी, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल किंवा पाइपच्या गॅसचं दोन महिन्यांच्या आतलं बिल. मालमत्ता कराची पावती. सरकारी निवृत्तांचा पेन्शनचा आदेश. आणि सरकारी खातं, वैधानिक संस्था, सार्वजनिक उपक्रम, बँक किंवा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने राहायला जागा दिल्याचं पत्र. यातलं काही दिलं तर तीन महिन्यांत अधिकृत कागदावरचा पत्ता बदलून आणून दाखवायचा.

यादी पुन्हा वाचा. खाजगी भाडेकरार तीत नाही. सिलिंडरचं पुस्तकही नाही, पाइपच्या गॅसचं बिल हवं. म्हणजे इथल्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याचं काम एका पत्रावर भागतं, आणि औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत राबणारा स्टँप पेपरवरचा अकरा महिन्यांचा करार हातात घेऊन उभा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी कायद्यानेच सक्तीची आहे आणि ती घरबसल्या करता येते, त्यामुळे आपल्याला वाटतं की शिक्का असलेला करार म्हणजे झालं. इथे करार नोटरीकडून होतो, तोही घरमालकाच्या मुखत्यारपत्रावर. गंमत म्हणजे भाडेकरू म्हणून माझी नोंद पोलिसांच्या सांझ केंद्रात फोटोसकट आहे. मी इथे राहते हे पंजाब पोलिसांना मान्य आहे, बँकेला नाही.

आणि यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की त्याच निर्देशांत एक साधी पळवाट दिलेली आहे. आधारवरून ओळख पटवली असेल आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर ग्राहकाचं स्वतःचं निवेदन पुरतं. मी इथे राहते, असं मी लिहून द्यायचं, बस्स. खातं उघडताना हे चालतं, कारण खात्यात पैसे आपण ठेवणार असतो. कार्डाच्या वेळी पैसे त्यांचे, म्हणून निवेदन वाचायलाही कुणी तयार नसतं. बँकेची बाजू मला कळत नाही असं नाही. उद्या हप्ते थकले तर वसुलीला माणूस कुठे पाठवायचा, सांगलीला की मोहालीला? आणि दर अकरा महिन्यांनी जागा बदलणाऱ्यांवर भरवसा कुणी ठेवावा? पण मग तसं सांगा. अधिकृत कागद कमी पडतो हे कारण पुढे करू नका.

भरीला गावाच्या नावाचा घोळ. मोहालीचं कागदोपत्री नाव साहिबजादा अजितसिंग नगर, आखूड करून एसएएस नगर. पिनकोड मात्र चंदीगडसारखाच 160ने सुरू होतो. एका अर्जात पिन टाकताच शहर आपोआप 'चंदीगड' झालं, राज्याच्या जागीही चंदीगड, आणि पंजाब निवडायची सोयच नव्हती. आंटीजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अजितसिंगांचे पिताजी, म्हणजे शिखांचे दहावे गुरू, तुमच्याच नांदेडला राहिले, मग तुम्हाला इथे कोण परकं म्हणतं? मी सांगलीची, नांदेडपासून एका रात्रीच्या अंतरावर, पण त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे हजूर साहिब आणि तिथे नेणारी सचखंड एक्सप्रेस. त्यांच्या केवायसीत मी कधीच उत्तीर्ण झालेय.

'आधारवरचा पत्ताच बदलून टाक ना,' असं ऑफिसात सगळे सांगतात. बदलता येतो. नगरसेवकाचा दाखला चालतो, त्यांना इथे 'एमसी साहब' म्हणतात आणि ते सकाळी लवकर भेटतात. पण आधार हलवलं की पुढचे कागदही एकेक करून हलवावेसे वाटतात: परवाना, मग आठ नंबरचा फॉर्म भरून मतदारयादीतलं नाव. सांगलीतलं मत मला सोडायचं नाही. आईच्या दवाखान्याचे, गॅसचे, शेताच्या सातबाऱ्याचे सगळे व्यवहार त्या एका पत्त्याभोवती फिरतात. नोकरीसाठी आलेल्या माणसाने एका प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी घर बदलावं, ही मागणी मला जरा उद्धट वाटते.

आंटीजींचा धाकटा विद्यार्थी म्हणून ब्रॅम्प्टनला गेला आणि पहिल्याच महिन्यात त्याला तिथल्या बँकेने कार्ड दिलं. राहायला तळघरातली खोली, तीही तिघांत. फरक असा की त्या बँकेत त्याचे दहा हजार डॉलर आधीच अडकलेले होते. कॅनडात शिकायला जाणाऱ्याला खर्चाची तरतूद दाखवावी लागते, आणि तेव्हा ती बहुतेक जण तिथल्या बँकेत ठेव ठेवून दाखवत. जानेवारी 2024पासून ती रक्कम 20,635 डॉलर झाली, पुढे आणखी वाढली. म्हणजे विश्वास माणसावर नव्हे, ठेवीवर.

आपल्याकडेही मुदत ठेवीवर कार्ड मिळतं, आणि जिथे जुनं खातं आहे तिथे केवायसी आधीच झालेलं असल्याने पत्त्याची फार उलटतपासणी होत नाही. स्वतःचेच पैसे गहाण ठेवून स्वतःलाच उधार देण्याचा हा प्रकार मला पटत नव्हता, पण ज्यांना घाई आहे त्यांनी तेच करावं. मी मोबाइल पोस्टपेड करून घेतलाय, बिलाचा पत्ता कोठीचा दिलाय. पहिलं बिल आलं. त्यावर एसएएस नगरही बरोबर आहे आणि पंजाबही, आडनावाचं स्पेलिंग तेवढं चुकलंय. दुरुस्तीसाठी कस्टमर केअरला तक्रार टाकली आहे. दोन महिन्यांची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी नावाची अक्षरं फॉर्म भरतानाच तपासून घ्यावीत.