तयार भिंतीपासूनचं माप

दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणून जी टाइल मिळते, ती दोन फुटांची नसते. ती ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. सलग दहा टाइल लावल्या की जवळजवळ पावणेचार इंच कमी भरतात. डिप्लोमा झालेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. मला ते माहीत होतं. तरी तळेगावातल्या एका स्वयंपाकघराची खरेदी मी फुटांच्या हिशेबाने केली.

खोली १२० चौरस फुटांची. चार टाइलचा बॉक्स १६ चौरस फुटांचा धरला, ८ बॉक्स मागवले आणि तुकड्यांसाठी ८ फूट शिल्लक राहतील असं मालकांना सांगितलं. प्रत्यक्षात एका बॉक्समध्ये १.४४ चौरस मीटर माल असतो, म्हणजे साडेपंधरा फूट. निम्मी शिल्लक तिथेच गेली. शेवटच्या दोन ओळी राहिल्या आणि माल संपला. मोरबीहून आलेल्या नव्या मालाचं नाव तेच, नंबरही तोच, पण भट्टीतला घाणा वेगळा होता आणि रंग किंचित पिवळा. बॉक्सवर शेडचा नंबर वेगळा छापलेला होता. तो मी वाचला, आणि काम थांबवायला नको म्हणून माल लावायला सांगितलं. त्या दोन ओळी दारातून आत शिरताच दिसतात. बिलातून पैसे कमी केले, पण त्या घरातल्या बाई रोज त्याच फरशीवर उभ्या राहतात.

मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ मध्ये झाला. बांधकामाच्या साइटवर मात्र सुतार सुतात बोलतो, प्लंबर इंचात, गवंडी फुटात आणि टाइलचा बॉक्स मिलिमीटरमध्ये. या सगळ्यांच्या मधे उभं राहून एकाच मापात बोलायला लावणं, हे माझं काम होतं. वडगावच्या एका संडासात ते मी केलं नाही. कमोडचा पाइप भिंतीपासून ९ इंचांवर घ्यायला सांगितला आणि निघून आलो. प्लंबरने त्याच्यासमोर जी भिंत होती तिच्यापासून, उघड्या विटेपासून, ९ इंच मोजले. वर प्लास्टर आलं, मग टाइल. दीड इंच भिंतीत गेला आणि कमोडची टाकी भिंतीला अडली. फरशी पुन्हा फोडायची नव्हती म्हणून वाकडा जोड टाकून कमोड बसवला. तिथे आजही वरचेवर तुंबतं. ‘तयार भिंतीपासून’ हे दोन शब्द मी बोललो असतो, तर त्या घराला हा त्रास झाला नसता.

पण ज्या कामाबद्दल लिहायला बसलो आहे, ते लोणावळ्याचं.

तुंगार्लीच्या बाजूला मंगलोरी कौलांचा एक जुना बंगला होता. मुलगा मुंबईत, आई मात्र बारा महिने तिथेच. न्हाणीघरात शहाबादी फरशी होती. काळपट, खडबडीत, सांध्यांत सिमेंट निघालेलं. मुलाला ती नकोशी झाली होती. त्याने ६०० बाय १२०० ची चकचकीत टाइल निवडली, भिंतीला आणि जमिनीलाही तीच. कमी सांधे म्हणजे कमी मळ, हे त्याचं म्हणणं भिंतीपुरतं बरोबर होतं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही ती टाइल आवडली होती, आणि त्या कामाचे फोटो पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायचं मी आधीच ठरवून टाकलं होतं.

न्हाणीघराची जमीन सपाट नसते. जाळी जिथे असेल तिकडे चारही बाजूंनी उतार हवा. दर मीटरला बारा-पंधरा मिलिमीटर तरी. आम्ही त्याला ढाळ म्हणतो. चारही बाजूंनी ढाळ द्यायचा तर जमीन पत्रावळीसारखी मध्ये दबलेली लागते. एक फुटाच्या टाइलला ते जमतं, कारण प्रत्येक सांध्यावर थोडं वळता येतं. चार फूट लांबीची टाइल कुठे वळणार? ती जाळीच्या दिशेने तिरकी चिरावी लागते, नाहीतर जाळी एका भिंतीलगत नेऊन सगळी जमीन एकाच बाजूला उतरती करावी लागते. पाइप हलवायचा तर खालचा कोबा फोडायचा. पावसाळा तोंडावर होता, मुलगा घाईत होता आणि जाळी होती तिथेच राहिली.

कामशेतचा गवंडी टाइल जमिनीवर ठेवून, तिच्यावर लेव्हल धरून माझी वाट बघत बसला होता. म्हणाला, “साहेब, हिला ढाळ कसा द्यायचा? चिरू का?” मी त्या टाइलवरची संगमरवरासारखी शीर बघत होतो. ती एका टाइलमधून दुसरीत सलग जात होती. चिरली असती तर तुटली असती. मी म्हणालो, “चिरू नको. जेवढा बसेल तेवढा दे.” तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला, मग कामाला लागला. पंधरा वर्षं फरशी बसवणारा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा तो परवानगी मागत नसतो, सावध करत असतो. हे मला तेव्हाही कळलं होतं. शिरेसाठी मी ते बाजूला सारलं.

मे महिन्यात न्हाणीघर देखणं दिसलं. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तळेगावला त्याच्या निम्माही नाही. हीच फरशी तळेगावात दुपारपर्यंत कोरडी झाली असती. तुंगार्लीत जुलैमध्ये खिडकी उघडली तर धुकं आत येतं, बंद ठेवली तर ओल बाहेर जात नाही. दोन टाइलच्या मधे बोटभर खोलगट भाग राहिला होता. तिथे पाणी साचायचं, साबण साचायचा आणि मग बुळबुळीत थर धरायचा. आई तो रोज खराट्याने काढायच्या. आम्हाला कळवलं नाही, कारण नवं काम आहे, बसेल हळूहळू, असं त्यांना वाटलं.

ऑगस्टमध्ये त्या तिथेच घसरल्या. मनगट मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा करायला सांगितला आणि मला म्हणाल्या, “शहाबादीवर कधी पाय सरकला नव्हता हो.” तक्रारीचा सूर नव्हता. त्या फक्त काय झालं ते सांगत होत्या.

पाऊस संपल्यावर मी स्वखर्चाने ती जमीन उखडली. टाइलबरोबर खालचं वॉटरप्रूफिंगही गेलं, कोबा नव्याने केला, जाळी भिंतीलगत नेली, एक फुटाची खरखरीत टाइल लावली. भिंतीवरची मोठी टाइल तशीच ठेवली. तिथे तिचं काही वाईट नाही. पैशाचं म्हणाल तर त्या कामात जे कमावलं होतं ते सगळं गेलं आणि वर घरातून घालावं लागलं. पण आई त्यानंतर एकट्या अंघोळीला जाईनाशा झाल्या. बाहेर कोणाला तरी उभं राहावं लागतं. मनगट जुळलं, भरवसा जुळला नाही. तो परत करण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं.

यानंतर मी कागदावरचं माप आणि माणसाचं माप वेगळं धरायला लागलो, पण तेही लगेच नाही. पवन मावळातल्या एका शेतकरी घरात ओटा ३४ इंचांचा केला, कारण नकाशात तसा होता. घरात इंद्रायणी तांदूळ पिकतो, पण रोजचं जेवण भाकरीचं. भाकरी थापताना हाताचा जोर वरून यावा लागतो. घरातल्या मावशी जेमतेम पावणेपाच फुटांच्या. काही महिन्यांनी गेलो तर ओट्यापुढे लाकडी पाट टाकलेला आणि त्यावर उभ्या राहून मावशी भाकरी थापताहेत. खाली टाकलेला पाट सरकू शकतो, हे मला तुंगार्लीनंतर वेगळं शिकायची गरज नव्हती. ग्रॅनाइट काढून ओटा दोन इंच उतरवून दिला.

आता ओटा बांधण्याआधी विटा रचून त्यावर फळी टाकतो आणि ज्या स्वयंपाक करणार त्यांना तिथे परात घेऊन उभं करतो. सिंक घेण्याआधी घरातलं सर्वांत मोठं पातेलं बघायला मागतो. जुन्या फरशीवर नवी चिकटवायची असेल तर जाडीचा तुकडा हातात घेऊन आधी न्हाणीघराच्या दारात बसतो. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा इंचभर तरी वर राहते का, दार घासावं लागेल का, ते तिथेच ठरतं.

न्हाणीघराच्या जमिनीला एक फुटाहून मोठी टाइल हवी असेल तर मी जाळी हलवायचा खर्च अंदाजपत्रकात आधी लिहितो. तो आकडा बघून बरेच जण लहान टाइल घेतात. काही जण जाळी हलवायला तयार होतात. आणि काही जण दुसऱ्या ठेकेदाराकडे जातात, कारण तो चिरल्याशिवाय, हलवल्याशिवाय बसवून देतो म्हणतो. गेल्या महिन्यात खंडाळ्याचं एक काम असंच गेलं. त्या घरातही वयस्कर माणसं आहेत, म्हणून मी नंतर एकदा फोन करून ढाळाचं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.