आत्याला ३० पैकी १९ मार्क

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण आपल्या कणकवलीत ज्याचं कोणी लालबाग-परळला नाही असं घर शोधून सापडायचं नाही. आणि गिरणीच्या काळात गेलेली ती माणसं आता पंचाहत्तरीला आलीत. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझी आत्या लालबागच्या चाळीत एकटी राहते. जन्म १९४८ चा. गेल्या श्रावणात गॅसवर दूध ठेवून विसरली, आठवड्यात दुसऱ्यांदा. शेजाऱ्यांचा फोन आला, मी आणि चुलतभाऊ रातोरात निघालो. तिला एका दवाखान्यात नेलं. एका तरुण डॉक्टरांनी मास्क लावून दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि कागदावर लिहिलं, १९/३०. २४ च्या खाली म्हणजे काळजीचं, म्हणाले.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "आता हिला गावी न्यायची आणि खोलीला कुलूप." मी मान डोलावली. आत्या समोर बसलेली. तिला विचारलंच नाही. वीस वर्षं बातमीदारी करतोय, दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या हे पोरांना शिकवतो, आणि घरात मात्र कागदावरचा आकडा बघून निकाल देऊन मोकळा झालो.

टॅक्सीत आत्या म्हणाली, "मी शाळेत कधी गेलंय? मगे माका शाळेची परीक्षा कित्याक?"

रात्री तो कागद नीट वाचला. मार्क गेले होते ११. शंभरातून सात-सात वजा करत जायचे, त्यात पाच. वाक्य वाचा, एक. वाक्य लिहा, एक. एकात एक अडकलेले दोन पंचकोन काढा, एक. म्हणजे आठ मार्क असे, की जे पाटी-पेन्सिल हातात न धरलेल्या माणसाला मिळणं मुश्कील. तारीख आणि महिन्याचे दोन गेले, कारण ती म्हणाली, "नागपंचमी होऊन चार दिवस झाले, नारळी पौर्णिमेला सहा राहिले." बरोबर होतं, पण कागदावर तिथीला रकाना नाही. आणि लक्षात ठेवायला सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एक सांगता आला नाही. तो तिला ऐकूच आला नव्हता, हे नंतर कळलं.

ही परीक्षा अमेरिकेत १९७५ मध्ये तयार झाली. जगभर वापरतात, वाईट नाही. पण १९९३ मध्ये तिकडच्याच १८ हजारांवर लोकांचे मार्क शिक्षणाप्रमाणे मांडले, तेव्हा नऊ किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा मधला मार्क २९ आला आणि चार वर्षांपर्यंतच शाळा झालेल्यांचा २२. २४ ची एकच रेघ सगळ्यांना लावली, तर न शिकलेली धडधाकट माणसंसुद्धा आजारी ठरतात. आपल्या देशात हे ओळखून १९९५ च्या सुमारास हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी हिंदीतून वेगळी परीक्षा बनवली. तिच्यात वाक्य लिहायला नाही सांगत, घराबद्दल काहीतरी बोलायला सांगतात. वाचून डोळे मिटायचे नाहीत, समोरचा जे करतो ते बघून करायचं. म्हणजे अडचण तीस वर्षांपूर्वीच माहीत होती.

आता आत्याची स्मरणशक्ती काय होती ते सांगतो. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा नवरा गिरणीत. दहा बाय बाराच्या खोलीत ती खानावळ चालवायची, बावीस माणसांची. कोण कुठल्या पाळीला, कोणाला मासे चालत नाहीत, कोणाचे महिन्यात किती खाडे, कोणाची किती उधारी, सगळं तोंडपाठ. वही नाही, कारण वही वाचणार कोण? ती परीक्षा निघाली त्याच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराच्या व्याजातून सुटायला अशा बायकांना त्याचा आधार झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आत्याची गिऱ्हाइकं गावाला परतली ती परतलीच. कोणाचे किती राहिले, ते ती आजही नावानिशी सांगते. आणि कोणी पुढे मनीऑर्डरने फेडले, तेही.

पण म्हणून "शिक्षणाने काही फरक पडत नाही" असं मी म्हणत नाहीये. पडतो, आणि चांगलाच पडतो. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये आला. साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. लहानपणी शिकलेल्या मेंदूला शिल्लक राहते, बँकेतल्या सारखी. झीज सुरू झाली तरी काही वर्षं त्या शिलकीवर निभावतं.

हीच शिल्लक कधी फसवते. माझ्या बायकोचे मामा गिरगावचे, निवृत्त शिक्षक. तीसपैकी २८ मार्क. घरचे निर्धास्त. प्रत्यक्षात ठाकूरद्वारहून घरी येताना ते दोनदा रस्ता चुकले होते, लाइट बिल दोनदा भरलं होतं. मामी झाकून घेत होत्या. भाषा इतकी चांगली की डॉक्टरांनाही गुंगवलं. शिलकीचं असंच असतं. शिकलेल्या माणसात आजार उशिरा दिसतो, आणि दिसतो तेव्हा आत बरंच झालेलं असतं, मग उतार भराभर लागतो. वर्षभरात मामांना मामी ओळखेनाशा झाल्या. एकीचे १९ आणि एकाचे २८, दोन्ही आकड्यांनी आम्हाला चकवलं.

आत्याला आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मार्क बाजूला ठेवले आणि विचारलं, "दोन वर्षांपूर्वी काय जमत होतं जे आता जमत नाही?" बाजार स्वतः करते का, सुटे पैसे मोजून घेते का, घरचा रस्ता सापडतो का? हे सगळं जमत होतं. कान तपासले, दोन्ही मंद. रक्तात बी-१२ कमी. दूध उतू गेल्याचा आवाज तिला येतच नव्हता, आणि आम्ही त्याला विसरभोळेपणा म्हणत होतो.

वयाने मेंदू मंदावतो, हे खरं. नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ते वय. पण चाळीस वर्षं केलेली आमटी कशी करतात तेच आठवेनासं झालं, ओळखीच्या रस्त्यावर हरवायला झालं, तर ते वय नाही, आजार आहे. तेव्हा "म्हातारपण आहे" म्हणून सोडू नका.

आणखी एक. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाची बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यात कमी शिक्षण आहे, तसं बहिरेपण, दृष्टी जाणं, बीपी, शुगर, एकटेपणही आहे. हैदराबादला ६४८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि हा फरक निरक्षरांतही होता. आत्या मालवणी, हिंदी आणि दुकानदारापुरती गुजराती बोलते. हे सगळं ती चाळीत, बाजारात बोलते. गावच्या बंद घरात कोणाशी बोलणार होती?

शाळा मात्र कोणी परत देणार नाही. घटनेने १९५० मध्ये म्हटलं होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना मोफत सक्तीचं शिक्षण. १९६० ला आत्या बारा वर्षांची होती आणि गुरं राखत होती. त्या हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला, तेव्हा तिला बासष्टावं लागलं होतं. देशाने तिला शाळा दिली नाही, आणि म्हातारपणी शाळेचेच मार्क मागितले.

म्हणून विनंती. आपल्या म्हाताऱ्या माणसाची तपासणी करताना डॉक्टरांना आधी सांगा, शाळा किती झाली. कान आणि डोळे आधी तपासून घ्या. आणि त्यांच्याबद्दल काही ठरवण्याआधी त्यांना विचारा.

आत्या लालबागलाच आहे. कानाला मशीन लागलंय. परवा फोन केला तर म्हणाली, "झिला, हळू बोल, माका आता सगळा ऐकाक येता."