दोनदा पाय मारावा लागणारा ब्रेक

गेल्या श्रावणात चार दिवस अळणावरला घरी गेलो होतो. रविवारी अनमोड घाट उतरून कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. गाडी बाबांचीच, 2005 सालची. शुक्रवारी सकाळी चहा गाळता गाळता आई म्हणाली, "अरे, हे हल्ली ब्रेकवर दोनदा पाय मारतात."

बाबांनी हसण्यावारी नेलं. "वीस वर्षांची गाडी, एवढं तेवढं असायचंच. मेस्त्रीला दोनदा दाखवली. त्याच्यासमोर ब्रेक अगदी नीट लागला." मेस्त्रीने थोडं ब्रेक ऑइल भरून गाडी परत दिली होती.

मी स्वतः स्टेशनपर्यंत चालवून पाहिली. पहिले तीन-चार ब्रेक चांगले लागले. मग पुढे म्हशी आल्या म्हणून हळूच पाय ठेवला, तर पेडल स्पंजवर ठेवल्यासारखं मऊ लागलं आणि बरंच खाली गेलं. छातीत धस्स झालं. पुन्हा दाबलं तर घट्ट! बाबांचा पाय नेमकं हेच करत होता, आणि सवय इतकी झाली होती की त्यांना ते जाणवतही नव्हतं. जाणवलं ते शेजारी बसणाऱ्या आईला.

ब्रेकची रचना तशी साधी. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइलवर दाब देतो, आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोचतो. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पेडल घट्ट लागतं. ते मऊ लागलं तर कुठेतरी हवा शिरली आहे, रबरी नळी फुगते आहे, किंवा दाब आतल्या आत निसटतो आहे.

घरी येऊन एकेक शक्यता तपासली. चारही चाकं आतून कोरडी, म्हणजे बाहेर गळती नाही. बाबांना पेडल दाबायला सांगून रबरी नळ्या पाहिल्या, फुगत नव्हत्या. मागच्या ड्रममधले लायनर झिजले असतील तर पहिल्यांदा पेडल खूप खाली जातं आणि दुसऱ्यांदा वर येतं, पण वर आल्यावर तिथेच राहतं. हवा असेल तर पेडल मऊ लागतं, पण धरून ठेवलं तर सहसा खाली सरकत जात नाही.

म्हणून शेवटची परीक्षा केली. इंजिन चालू ठेवून पेडलवर अगदी हलका पाय ठेवला आणि तसाच धरला. मिनिटभरात पेडल सावकाश खाली गेलं. जोरात दाबल्यावर मात्र जागचं हललं नाही. दोष मास्टर सिलिंडरमध्ये होता. आतल्या रबरी वॉशरची कड झिजली की हलक्या दाबाला ऑइल तिच्या बाजूने मागे निसटतं. जोरात दाबलं की तीच कड पसरून भिंतीला चिकटते. मेस्त्री दर वेळी जोरात दाबून बघत असणार, म्हणून त्याला काही सापडलं नाही.

टाकीतलं ऑइलही कोऱ्या चहासारखं झालं होतं. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं. आम्ही वर्षानुवर्षं फक्त भर घालत आलो होतो. नवं डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी 140 अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापतात. ऑइल उकळून वाफ झाली तर दोनदाच काय, दहादा पाय मारूनही उपयोग नाही. हे सांगितल्यावर बाबा गप्प झाले. कवळं पुढच्या रविवारवर गेलं.

शनिवारी मेस्त्रीला हलका पाय ठेवून दाखवायला लावला. तो मिनिटभर बसला, पेडल खाली गेलं. "हौद्री," एवढंच म्हणाला. सोमवारी धारवाडहून नवा मास्टर सिलिंडर आणला. जुना उघडला तर आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे होते. सगळं ऑइल बदललं आणि एअर काढायला बाबांनाच सीटवर बसवलं. मेस्त्री "दाबा, धरा" म्हणायचा, निपल उघडून पुन्हा घट्ट करायचा, मगच "सोडा" म्हणायचा. पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हे चाललं.

संध्याकाळी बाबा आईला घेऊन एक फेरी मारून आले. आई उतरताना मला म्हणाली, "आता एकदाच मारतात."

आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी गावाकडे अशी एखादी जुनी गाडी आहे, आणि ती चालवणारे आईबाबा तिच्या दोषांना सरावलेले आहेत. दिवाळीला जाल तेव्हा गाडी एकदा स्वतः चालवा. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर मिनिटभर हलका पाय ठेवून बघा. ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. आणि शेजारी बसणारं माणूस काय म्हणतं, ते आधी ऐका.