अम्मीसाठी बाणकोटची गाज

आमची अम्मी बाणकोटची. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा गावच्या घराला कुलूप लावून आम्ही तिला मुंब्र्याला घेऊन आलो. तिची कसली तक्रार नसते. पण अधूनमधून म्हणते, "इथं रात्रभर गाड्या वाजतात, गाज काही येत नाही." समुद्राच्या आवाजाला कोकणात गाज म्हणतात. ओसरीवर बसल्या बसल्या नुसत्या गाजेवरून भरती की ओहोटी ते सांगणारी ही बाई. म्हणून गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघांनी ठरवलं, की गावी जायचं आणि समुद्राचा, किनाऱ्यावरच्या पाखरांचा आवाज तिच्यासाठी भरून आणायचा.

माणगावहून बागमांडल्याला उतरलं, की सावित्रीची खाडी आडवी येते. गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे वेसवी. बाणकोटचा किल्ला मागे टाकला, की थोड्याच वेळात वेळास. हे नाना फडणविसांचं गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी इथं समुद्री गरुडांचा शोध घेत होती. तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. त्यातून संरक्षणाचं काम उभं राहिलं. पूर्वी हीच अंडी लोक उकरून नेत. आज गावकरीच घरटी शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरून राखतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात.

पहिल्या संध्याकाळी आमची अगदी फजिती झाली. टोपलीतून पिल्लं वाळूवर सोडली. ती बिचारी मुकाट पाण्याकडे निघाली, आणि माणसांचाच कल्ला! रात्री मोबाइलवर ऐकलं तर "अगं ती बघ, ती बघ" आणि त्यावर वाऱ्याची भसभस. गाज कुठेच नाही.

थोरली म्हणाली, "वर्गात खारे वारे, मतलई वारे शिकवता ना? मग संध्याकाळी कशाला गेलो?" खरंच की! दिवसभर समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री जमीन निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, तो मतलई. पहाटे तो मंद असतो. वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं, पण स्वतःच्या कामाला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून आम्ही किनाऱ्यावर गेलो. धाकट्याचा लोकरी मोजा मोबाइलवर चढवला, म्हणजे वारा थेट आत घुसत नाही. फोन विमानाच्या खुणेवर टाकला, होडीच्या आडोशाला ठेवला. तारीख, जागा आणि वेळ बोलून घेतली, आणि दहा मिनिटं कुणी हलायचं नाही असं ठरलं. धाकट्याच्या आयुष्यातली ही सर्वांत लांब दहा मिनिटं असावीत.

गप्प बसल्यावर कळलं, की गाज हा एक आवाज नाही. लाट उभी राहते, कोसळते, मग फेस वाळूवर पसरतो आणि परत जाताना चरचरतो. कोसळणारी लाट हवा कोंडून घेते, तिचे असंख्य बुडबुडे होतात आणि ते थरथरतात. आपण ऐकतो ती मुख्यतः त्यांची थरथर. मोठे बुडबुडे खर्जात, लहान वरच्या पट्टीत.

उजाडलं तशी सुरूच्या झाडांमागे टिटवी ओरडली. मग समुद्री गरुड, आमच्याकडचा काकण. एवढा रुबाबदार पक्षी, पण आवाज बदकासारखा! मुलांनी तोंडावर हात दाबून धरले.

परतताना बाणकोटच्या धक्क्यापाशी थांबलो. ओहोटी होती. तिवरांच्या चिखलातून लाह्या फुटाव्यात तसा आवाज येत होता. बिळातली एक प्रकारची कोळंबी आपली नांगी झटकन मिटते, त्याचा तो चटका. तेवढ्यात खडकावरून तुतवार उडाली. बारीक, उंच, टी-टी-टी. मुलांना वाटलं, आजची कमाई हीच.

मुंब्र्याला आलो. चहा झाल्यावर अम्मीच्या कानाशी स्पीकर धरला. तिनं डोळे मिटले. क्षणभरानं म्हणाली, "ही तर ओहोटीची गाज. लांबून येतेय." खरंच, वेळासला पहाटे पाणी उतरलेलंच होतं. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

टिटवीला ती हसली. काकणला तर मोठ्यांदा हसली. मग तुतवार आली. थोरलीनं उत्साहानं विचारलं, "दादी, ऐकली?"

"काय?"

पुन्हा लावलं. आवाज वाढवला. अम्मी आमच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्यापुरता तिथं फक्त चिखल तडतडत होता.

वय झालं, की कानातल्या नाजूक पेशींपैकी उंच आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. गाजेचा खर्ज उरतो, बारीक शीळ निसटते. हे आम्हाला वाचून ठाऊक होतं. पण अम्मीच्या बाबतीत ते कधी घडलं, याचा घरात कुणाला पत्ता नव्हता. पाखरांचे आवाज आम्ही जपून आणले होते, पण ते ऐकणारे कान तोवर थांबले नव्हते.

मग थोरलीनं जवळ जाऊन, जाड आवाजात, सावकाश तुतवारची नक्कल केली. टी... टी... टी...

अम्मीचा चेहरा उजळला. "अगो, ती होय! धक्क्यावरची, शेपटी हलवत राहणारी. मी सूप पाखडायला बसले, की समोर नाचायची." आणि पुढचा तासभर तिनं धक्क्यावरची पाखरं सांगितली. नावानिशी, चालीनिशी, आवाजानिशी. या वेळी थोरलीनं मोबाइल तिच्यासमोर ठेवला होता.

ती फीत आम्ही समुद्राच्या आवाजाशेजारीच जपून ठेवली आहे. वाचकहो, तुमच्या घरात गाव पाहिलेलं, किनारा ऐकलेलं कुणी असेल, तर आधी त्यांच्यासमोर बसा. समुद्राकडे त्यानंतरही जाता येईल.